ताईची पाठ

ताई गेली त्याला आता दीड वर्ष होईल. ती गेल्यावर मी योगाचे वर्ग बंद केले नाहीत हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर मी पश्चात्तापाने पोळलेला वगैरे माणूस आहे असा कुणाचा समज व्हायचा. रोज सकाळी सहाला पंचवटीतल्या एका छोट्या मंगल कार्यालयात मी सतरंज्या घालतो आणि माझ्या त्याच वरच्या पट्टीत लोकांवर ओरडतो. फक्त साठीच्या पुढच्यांना आता पुढे वाकायला सांगत नाही. का, ते कुणी विचारत नाही आणि मी सांगत नाही.

ताई माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. आई लवकर गेली आणि मी तिच्या अंगाखांद्यावर वाढलो. नांदगावला ती प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. शाळेत शुद्ध बोलायची, घरी मात्र अस्सल नांदगावची. लग्न केलं नाही. कुणी विषय काढलाच तर माझ्याकडे बोट दाखवून म्हणायची, "हे एक कार्टं पुरं हाय मला." खोटं बोललेलं तिला खपायचं नाही. दहावीत असताना एका खोट्यापायी ती माझ्याशी पंधरा दिवस बोलली नव्हती. ताट वाढायची, पण बोलायची नाही.

सत्तरी जवळ आल्यावर मी तिला नाशिकला आणलं. सकाळी बुद्धवंदना झाली की ती माझ्यासोबत वर्गाला यायची आणि पहिल्या रांगेत बसायची. माझ्या चुका काढायला बसते, असं मी सगळ्यांना सांगायचो आणि ते खरंही होतं.

दर रविवारी मी होऊ घातलेल्या योगशिक्षकांना शरीररचना शिकवतो. त्यासाठी माझ्याकडे प्लॅस्टिकचा एक पाठीचा कणा आहे. तो हातात धरून मी वर्षानुवर्षं सांगत आलोय की मणक्याचा पुढचा भाग आतून भरीव नसतो, जाळीदार असतो. मांडीमागचे स्नायू आखडलेले असले तर माणूस कमरेतून वाकत नाही, पाठ गोल करतो आणि सगळा भार मणक्यांच्या पुढच्या कडेवर येतो. पाळी गेल्यानंतर बायकांची हाडं ठिसूळ होतात, मग ती कड दबते, चुरते आणि मणक्याची पाचर होते. उंची कमी होत असेल तर सावध व्हा. हे मी इतक्या वेळा बोललोय की बोलताना मनात दुसरंच काही चाललेलं असतं.

आणि घरात ताई दर काही महिन्यांनी साडी थोडी वर खोचत होती. फडताळातला चहाचा डबा काढायला तिला स्टूल लागायला लागलं होतं. मी म्हणायचो, "ताई, तू परत चौथीत चाललीस." ती हसायची, मीही हसायचो. माझ्या डोळ्यांसमोर माझी बहीण आखूड होत होती आणि मी विनोद करत होतो.

तिला पश्चिमोत्तानासन जमत नव्हतं. पाय पसरून बसायचं, पुढे वाकायचं, कपाळ गुडघ्याला लावायचं. तिचं कपाळ वीतभर वर राहायचं. माझ्या सख्ख्या बहिणीला जमू नये याची मला लाज वाटायची, खोटं कशाला बोलू. चार लोकांत मी तिला चिडवायचो, "बाई, कपाळाचं आणि गुडघ्याचं काही वाकडं आहे का?" हयातभर पोरांकडून पाढे घोटून घेतलेली बाई ती, हट्टाला पेटली. घरी दुपारी एकटीच करून बघायची. पाठ जरा दुखते म्हणाली तेव्हा मी सांगितलं, "स्नायू मोकळे होताना दुखतंच."

मग एका सकाळी वर्गात मी तिच्या मागे गुडघ्यांवर बसलो, तिच्या पाठीवर तळहात ठेवला, "सोड श्वास" म्हणालो आणि तिने श्वास सोडताना दाबलं. बारीक 'कट्' असा आवाज आला. आमच्या धंद्यात आवाज आला की काहीतरी मोकळं झालं असं समजायची रीत आहे. कपाळ गुडघ्याला टेकलं. "सुटलं बघ!" मी ओरडलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एकोणसत्तराव्या वर्षी, बघा, शिका काहीतरी, असं मी सगळ्यांना सुनावलं. ताई बराच वेळ तशीच वाकून राहिली. मला वाटलं, आसनात रमली.

नंतर दहा दिवस मी तिची पाठ शेकत होतो. अकराव्या दिवशी तिला खाटेवरून उठता येईना. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरला. तीन मणके दबलेले होते, दोन जुने, एक ताजा. पाचरी. माझ्या प्लॅस्टिकच्या कण्यावर मी बोट ठेवून दाखवतो तिथेच.

"काय झालं होतं आजी? पडलात का?" डॉक्टरांनी विचारलं.

"बादली उचलली," ताई म्हणाली. "भरलेली. बाथरूममधली."

आमच्या घरी तिला बादली उचलावी लागत नाही, ती नळाखालीच असते. मी तिच्याकडे पाहिलं. ती भिंतीकडे पाहत होती. डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही तर योगशिक्षक. पुढे वाकायची आसनं यांना चालणार नाहीत, हे तुम्हाला माहीतच असेल."

"हो, माहीत आहे," मी म्हणालो. एवढंच बोललो.

पुढच्या महिन्यांत भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ताईने बादलीची गोष्ट सांगितली. बादलीचा रंगही ठरला, निळा. मी बाजूला बसून माना डोलवायचो. दोन-तीनदा खरं सांगायला तोंड उघडलं, तर ती लगेच चहा टाकायला पाठवायची. कमरेला पट्टा होता, तरी पाठ पुढे झुकतच गेली. बरगड्या खाली उतरून कमरेच्या हाडाला टेकल्या, पोट वर ढकललं गेलं, श्वासपटलाला खाली सरकायला जागाच उरली नाही. लोकांना पोटातून श्वास घ्यायला शिकवणं हा माझा धंदा, आणि घरात माझी बहीण गळ्यापाशी श्वास घेत होती. हिवाळ्यात छातीत कफ साठला आणि तेवढंच निमित्त झालं.

त्याच्या थोडे दिवस आधी, एका दुपारी, पाठ आखडली म्हणून तिने मला जवळ बोलावलं. ती उशीवर पुढे रेलून बसली होती. मी हात पुढे केला आणि मागे घेतला. मला धीर होईना.

"ताई, बादली नव्हती," मी म्हणालो.

"मला नाय म्हाईत व्हय? मी व्हते ना तिथं."

"मग त्याच वेळी बोलली का नाहीस? ओरडायचं तरी."

ती थोडा दम घेत थांबली. "तू किती खूश झाला व्हता," ती म्हणाली.

मला रडू आवरेना. ती तशीच उशीत तोंड ठेवून होती, मागे वळून बघणं तिला शक्य नव्हतं.

"ठेव हात," ती म्हणाली. "दाबू नको फकस्त."

मी हात ठेवला. तिचा श्वास कुठवर जातोय ते तळहाताला कळत होतं. माझ्या हातापर्यंत तो पोचत नव्हता.