क्लॅरीचा अ‍ॅम्प आणि व्हर्नची डबी

क्लॅरी पॅस्को पोलादाच्या कारखान्यात क्रेन चालवायचा आणि रविवारी दुपारी आमच्याबरोबर हेडलँड बोलिंग क्लबात गिटार वाजवायचा. कारखाना सुटला, गिटार राहिली. मी ड्रमवर, म्हणजे सगळ्यांच्या मागे. मला सुरांतलं फारसं कळत नाही, पण क्लॅरीची पाठ मी आयुष्यभर पाहिली आहे आणि ती मला कळायची.

गिटारचा आवाज मोठा करणारा त्याचा अ‍ॅम्प जुना, जुन्या रेडिओसारखा काचेच्या व्हॉल्व्हचा, सिमेंटच्या पोत्यासारखा जड. उचलायला दोघे लागत. व्हॉल्व्ह तापेपर्यंत कोणी तारेला हात लावायचा नाही, असा बँडचा रिवाज होता. "थांबा रे, बाईसाहेब अजून उठल्या नाहीत," क्लॅरी म्हणायचा. आम्ही थांबायचो.

मग आमचा दुसरा गिटारवाला, व्हर्न डॉब्सन, याच्या कमरेचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी ओझं उचलणं बंद केलं. बरा झाल्यावर तो आला तो एका हातात बिअर आणि दुसऱ्या हातात नवा डिजिटल अ‍ॅम्प घेऊन.

"हे काय, जेवणाचा डबा आणलास?" क्लॅरीने विचारलं.

"हो. तुला घास देणार नाही."

क्लबाच्या भिंतीवर एक पेटी आहे. आवाज फार वाढला की तिचा दिवा लाल होतो, आणि तरी आवाज उतरला नाही तर स्टेजची वीजच जाते. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प जोरात वाजला तरच खुलतो. हळू वाजवला की गळा धरल्यासारखा. व्हर्नची डबी मात्र हळू आवाजातही झकास गुरगुरायची. टाळ्या तिकडे वळल्या. क्लॅरीची बायको नोएलीनसुद्धा म्हणाली, "काय गोड वाजतंय रे, व्हर्न!" मागून मला क्लॅरीचे कान लाल झालेले दिसले.

त्यात मॅनेजर ग्लेनिसने बजावलं होतं, पुन्हा वीज गेली तर रविवार दुसऱ्या बँडला.

एका रविवारी क्लबाच्या लॉटरीतल्या बक्षिसाची, मटणाच्या ट्रेची, सोडत झाली, व्हर्नने शेवटच्या गाण्यात कमाल केली, लोक उठून उभे राहिले. पुढचा तुकडा क्लॅरीचा. तो वाकला आणि त्याने आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. काय आवाज होता तो! दिवा लाल झाला. मी काठी हलवून खुणावलं. त्याने पाहिलं आणि तोंड फिरवलं. वीज गेली.

ग्लेनिस तरातरा आली. "कोणाचं काम?"

"माझं," व्हर्न पटकन म्हणाला. "नवं यंत्र आहे गं, बटण कळलं नाही."

"एवढ्याशा डबीचा एवढा आवाज?" ती कौतुकाने वाकून बघायला लागली. "बरं, या वेळी सोडते."

आम्ही सुटलो होतो. क्लॅरीने फक्त गप्प बसायचं होतं.

"त्या डबीचा?" तो ओरडला. "हट्! तिच्या बापाला तरी जमेल का? माझा होता तो आवाज!"

ग्लेनिस त्याच्या अ‍ॅम्पकडे वळली. "रविवार तुमचा राहील," ती म्हणाली. "पण हे धूड परत या दारातून आत येणार नाही."

बाहेर मी आणि क्लॅरीने अ‍ॅम्प गाडीत चढवला.

"गाढवा, तुला वाचवत होतो मी," व्हर्न म्हणाला.

"माहीत आहे. टाळ्या तुला, नोएलीनचं कौतुक तुला. वीज घालवल्याचं श्रेयही तूच घेणार होतास?"

व्हर्नने आपली डबी मागच्या सीटवर ठेवली. मग क्लॅरीने मान न वळवता विचारलं, "तुझ्या डबीहून मोठी मिळते का रे?"

"मिळते."

"मग ती माझ्यासाठी मागव."