पाचव्या बाटलीतलं पाणी

२००३ सालची गोष्ट. तळेगाव ढमढेऱ्याची करुणा पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत नुकतीच हंगामी नोकरीला लागली होती. कोकणातल्या बंदरांतून तिथं समुद्राच्या पाण्याच्या बाटल्या यायच्या. जहाजांच्या बुडाला चिकटून एक परदेशी शिंपला आपल्या किनाऱ्यावर शिरत होता. त्याची पिल्लं डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून पाणी गाळून त्यातल्या डीएनएवरून त्याला ओळखायचं, हे करुणाचं काम.

त्या शनिवारी, डीएनए तपासायच्या जेलच्या चकतीवर पाचव्या बाटलीच्या रांगेत पट्टी उमटली, म्हणजे त्या पाण्यात शिंपला होता. ती बाटली ज्या बंदराची, तिथं तो आजवर कधीच सापडला नव्हता. सकाळी त्याच टेबलावर तिनं तुलनेसाठी ठेवलेल्या खऱ्या शिंपल्याच्या डीएनएची नळी उघडली होती. त्यातला थेंब इकडं उडाला असेल तर? जेलचा फोटो पिशवीत कोंबून, कुणाशी न बोलता तिनं तळेगावची जीप धरली.

घरी तिनं ताट तसंच बाजूला सारलं. आई ताईबाई बाजारात भाजी विकून नुकत्याच आल्या होत्या.

"काय गं, ताप हाय का?"

करुणानं चाचरत सगळं सांगितलं. "माझी चूक निघाली तर काढून टाकतील, आई."

"आन् चूक नसंल तर?"

करुणानं पिशवीकडं पाहिलं. नसेल तर तो शिंपला धक्क्याला लगडणार, जहाजांच्या पाण्याच्या नळ्या बुजवणार, इथल्या खडकांवरच्या खायच्या कालवांना जागाच ठेवणार नाही. आणि हे ठाऊक असलेली ती एकटीच, फोटो पिशवीत लपवून बसलेली.

सोमवारी तिनं फोटो प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमपुढं ठेवला. "मॅडम, माझ्याच टेबलावर गडबड झाली असेल."

मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी बंदरातून नवं पाणी मागवलं आणि दुसऱ्या खोलीत, दुसऱ्याच माणसाकडून तपासून घेतलं. तो आठवडा करुणा दाराचा आवाज झाला तरी दचकायची.

पट्टी पुन्हा उमटली, तिथंच. पाणबुडे धक्क्याखाली उतरले. खांबांना नखाएवढे काळपट शिंपले झुबक्यांनी लागले होते.

"वेळेवर सांगितलंस," मॅडम म्हणाल्या.

खांब खरवडले, होड्या वर ओढून धुतल्या. पण पिल्लं आणखी कुठं वाहत गेली असतील, ते कुणालाच सांगता येईना. दुसऱ्या दिवशी शेजारच्या खाडीच्या बारा बाटल्या आल्या. करुणानं हातमोजे चढवले. टेबल नीट पुसून घेतलं आणि मगच पहिलं झाकण फिरवलं.