रसवंतीगृहावर दरोडा

मुलगी तान्ही असताना दुपारची फक्त माझ्या मांडीवरच झोपायची आणि स्वयंपाकघरात चमचा पडला तरी जागी व्हायची. इथे ऑस्ट्रेलियात, ट्रुगानिनाच्या नव्या कोऱ्या घरात मी तासन्‌तास सोफ्यावर अडकून बसायचे. आवाज बंद करून बघता येईल असं काहीतरी हवं होतं. फोनवर शोधता शोधता मला शंभर वर्षांपूर्वीचे काऊबॉयचे मूकपट सापडले. मुळात आवाजच नाही, म्हणजे आपलं काही ऐकायचं राहतंय अशी रुखरुख नाही. मला त्यांचं व्यसन लागलं.

गोष्ट बहुतेक वेळा एकच. ओसाड गावात नवी शिक्षिका येते. गावात एक दरोडेखोर असतो, त्याला मिशा असतात. एक शेरीफ असतो, म्हणजे तिथला फौजदार. तो एकतर देवमाणूस असतो नाहीतर दरोडेखोराला सामील असतो. आगगाडी लुटली जाते, गुत्त्यात टेबलं उलटतात, शिक्षिकेला पळवून नेतात आणि घोडा फेकत कुणीतरी अगदी शेवटच्या क्षणी पोचतो. कधीकधी तर शिक्षिकेने नुसतं टक लावून बघितलं की दरोडेखोरच सुधारतो. मधूनच काळ्या पाटीवर एखादं वाक्य येतं, बाकीचं सगळं काम भुवया करतात. नवरा म्हणायचा, "तो पोचणारे हे तुला माहितीये ना?" माहीत असायचंच! तरी माझा जीव टांगणीला लागायचा.

हे ज्ञान पुढे कामाला येईल असं मात्र वाटलं नव्हतं.

झालं काय, की गेल्या वर्षी आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत मुलांचं नाटक होतं. माझी लेक तेव्हा तिसरीत. तिचं वाक्य अर्ध्यावर अडलं आणि उरलेलं अर्धं तिने अस्सल ऑस्ट्रेलियन इंग्लिशमध्ये पूर्ण केलं. सगळा हॉल हसला. कौतुकानेच हसला, पण स्टेजवरून कौतुक दिसत नाही, दात दिसतात. त्या दिवसापासून तिने मराठीला कुलूप लावलं. जेवायला बोलावलं तरी उत्तर यायचं, "No, I'm good."

आणि यंदा नेमक्या सासूबाई पुण्याहून सहा महिन्यांसाठी आल्या. नातीशी गप्पा मारायच्या म्हणून आल्या होत्या बिचाऱ्या. त्यांना इंग्लिश कळतं, पण बोलायची लाज वाटते. हिला मराठी कळतं, पण ही बोलायला तयार नाही. दोघी डायनिंग टेबलाशी समोरासमोर बसून एकमेकींकडे बघून गोड हसायच्या आणि टोस्ट खायच्या. मला ते बघवत नसे. सासूबाईंचं परतीचं तिकीट गणपतीनंतरच्या आठवड्याचं होतं, आणि त्या अशाच हसत विमानात बसणार या विचाराने मला रात्री रडू यायचं.

म्हणून मंडळाने मुलांचं नाटक बसवायला सांगितलं तेव्हा मी कंबर कसली आणि जाहीर केलं, की यंदा मूकपट. तोही काऊबॉयचा.

"मराठी मंडळाच्या नाटकात मराठीच नाही?" अध्यक्ष म्हणाले.

"आहे ना, पाट्यांवर. पाट्या प्रेक्षकांनी मोठ्याने वाचायच्या."

"अहो, पण मुलांना मराठी बोलायची संधी..."

"ती संधी आपण गेल्या वर्षी दिली होती," मी म्हटलं. माझा असा आवाज लागला की नवरा खोलीबाहेर जातो. अध्यक्षांना जायला जागा नव्हती, त्यामुळे ते हो म्हणाले.

लेकीला शाळेतून आणताना गाडीत विचारलं. ती म्हणाली, "Do I have to talk?"

"एक शब्दसुद्धा नाही."

"Like, zero?"

"झिरो."

ती म्हणाली, "Can I be the bad guy?"

तालमींनी माझ्या नाकी नऊ आणले आणि मला इतकी मजा कधीच आली नव्हती. कमिटीने सांगितलं, गणपतीसमोर दारूचा गुत्ता चालणार नाही. मग आम्ही गुत्त्याचं रसवंतीगृह केलं. तेच धाडकन उघडणारे दरवाजे, तेच टेबलावर आपटलेले ग्लास, आत सफरचंदाचा ज्यूस. हॉल शाळेचा होता, तिथे खेळण्यातलं पिस्तूलही चालत नाही, म्हणून प्रत्येकाच्या कमरेला केळं खोचलं. मूकपटांत चांगल्याची टोपी पांढरी नि वाइटाची काळी असते; आमच्या टोप्या शाळेच्याच, सगळ्या निळ्या, त्यामुळे चांगला कोण नि वाईट कोण काही कळेना. वाइटाला मी काजळाने मिशा काढल्या. घोड्याच्या चादरीत दोन मुलं होती आणि पुढच्या पायांचं मागच्या पायांशी अजिबात पटत नव्हतं.

प्रयोगाच्या दिवशी पहिल्या दोन रांगांत इथे पाहुणे आलेले आजी-आजोबा बसले होते. मी पाटी वर धरली. सगळ्यांनी एका सुरात वाचलं, "तेवढ्यात गावात दरोडेखोर आला!" नवऱ्याने ढोलकी बडवली. दरवाजे ढकलून माझी लेक आत आली, अख्खा ग्लास एका दमात प्यायली आणि तिने बाहीने तोंड पुसलं. एक मिशी गालावर गेली. आजोबा मंडळींनी तिची मनसोक्त हुर्यो केली आणि तिने त्यांच्याकडे बघून अशी काही भुवई उडवली की मला शंभर वर्षांपूर्वीचे ते सगळे खलनायक कच्चे वाटले.

नंतर शेरीफ आला. शेरीफ सात वर्षांचा होता आणि घाबरलेला होता. दरोडेखोराची वाट बघता बघता त्याने कमरेचं पिस्तूल काढलं, सोललं आणि खाऊन टाकलं. सालसुद्धा नीट घडी करून खिशात ठेवलं. हॉल हसून लोळायला लागला. मी पडद्याआडून हातवारे करत होते, पण तो शांतपणे चावत होता.

तेवढ्यात लेक त्याच्या पाठीमागून दबक्या पावलांनी निघाली. हातात केळं, चेहऱ्यावर दीड मिशी. पहिली रांग खवळली. "अरे बाळा, मागे बघ!" "मागे, मागे!" आणि या सगळ्या गलक्यात सर्वांत मोठा आवाज होता माझ्या सासूबाईंचा. त्या चक्क उभ्या राहून ओरडत होत्या, "अरे मेल्या, मागे बघ! आली ती बया!"

लेक थांबली. वळली. केळं कमरेवर टेकवून तिने आजीकडे रोखून पाहिलं.

"आजी!" ती ओरडली. "तू कुणाच्या बाजूने आहेस?"

ढोलकी बंद पडली. आणि मग हॉल हसला, गेल्या वर्षीपेक्षा दुप्पट मोठ्याने. मी तिच्याकडे बघायला धजावत नव्हते, तरी बघितलं. ती हसू ओसरायची वाट बघत उभी होती. उत्तर हवं होतं तिला.

"तुझ्याच गं राणी!" सासूबाई म्हणाल्या. "पण मागून काय जातेस? समोरून जा!"

"समोरून गेले तर तो मला गोळी मारेल ना!"

"कशाने मारेल? खाल्लंन् त्याने पिस्तूल!"

लेकीने शेरीफकडे बघितलं. शेरीफने रिकामे हात वर केले. पुढे काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही, कारण मी पडद्यामागे खाली बसून हसत होते आणि रडत होते, आणि उरलेल्या पाट्या माझ्याच पायाखाली चुरगळल्या. घोडा दोन दिशांना पळाला एवढं आठवतं.

घरी जाताना दोघी मागच्या सीटवर होत्या.

"शेवटी दरोडेखोर सुधारतो असं ठरलं होतं ना?" सासूबाई म्हणाल्या. "मग तू का नाही सुधारलीस?"

"मला नव्हतं सुधारायचं."

"का गं?"

"सांगते. थांब. कारण, like, आजी, ऐक ना..." आणि ती सांगायला लागली. अडखळत, मधे इंग्लिश कोंबत, शब्द उलटेपालटे करत ती सांगत राहिली आणि सासूबाई तिला खोडून काढत राहिल्या. आमच्या घराचं वळण आलं. नवऱ्याने इंडिकेटर दिला.

"सरळ घे," मी हळूच म्हटलं.