नववीतल्या मुलीचे वडील

कामतघरच्या आमच्या शाळेत वर्गावर्गांत कॅमेरे बसले आणि ते बघायचं काम माझ्याकडे आलं. एकदा नववीतली एक मुलगी शिक्षक नसताना बाकावर चढलेली सापडली. मुख्याध्यापकांनी तिला आठवडाभर घरी बसवायचं ठरवून वडिलांना बोलावलं.

ते यंत्रमागावरची शिफ्ट संपवून थेट आले होते, केसांत कापूस तसाच. लूमच्या खडखडाटाची सवय असल्यानं साधा नमस्कारही ओरडून केला. मी फुटेज लावलं. मुलगी पोट पुढे काढून, हात मागे बांधून बाकावर डुलत होती. वडिलांनी पडद्याकडे पाहिलं, मग मुख्याध्यापकांकडे.

"सायेब, ही तर तुमची नक्कल हाय!"

दाराबाहेर शिपायाला खोकला आला. मुख्याध्यापकांनी मागे बांधलेले हात चटकन सोडले.

वडील समजुतीच्या सुरात, पण तेवढ्याच मोठ्यानं म्हणाले, "घरी माझी पन करते. पन तुमची लई भारी जमलीय."

"जरा मागे घ्या बघू," मुख्याध्यापक मला म्हणाले. दुसऱ्यांदा बघताना त्यांना हसू आवरेना. शिक्षेचा विषय पुन्हा निघालाच नाही.

ते गृहस्थ मला परत कधी दिसले नाहीत. जुनं फुटेज आपोआप पुसलं जातं. तेवढं एक मात्र साहेबांनी आपल्या मोबाइलवर मागून घेतलं.