काडी हातात, दही साच्यात

रियाधमध्ये आमच्या शेजारी राहणाऱ्या अलकाताईंना हळू बोलणं ठाऊकच नाही. त्या बँकेत परकीय चलनाच्या विभागात आहेत. शुक्रवारी दुपारी आम्हा नवशिक्यांना त्या चलनाचे सौदे शिकवतात, तेही फुकट, आणि वर खाऊ घालतात.

परवा आमच्यातले डॉक्टर उमाकांत फोन नाचवतच आले. "ताई, युरो चढतोय! आजच पैसे लावतो!"

"यल्ला, आधी स्वयंपाकघरात चला!" ताई गरजल्या. चक्क्यात आंब्याचा रस आणि ताइफ शहराचं गुलाबपाणी घोटून त्यांनी आमच्याकडून कुल्फीचे साचे भरून घेतले, काड्या खोचल्या आणि फ्रीजरचं दार लावलं. "संध्याकाळपर्यंत उघडायचं नाही! तोवर सरावाच्या खात्यावर खोट्या पैशांचे सौदे करा. दही गोठेपर्यंत ज्याला थांबवत नाही, त्याने खऱ्या पैशांना हात लावू नये!"

आम्ही फोन घेऊन बसलो. काय तो आरडाओरडा! पैसे खोटे, पण घाम खरा. तेवढ्यात डॉक्टर ओशाळून स्वयंपाकघरातून बाहेर आले. हातात नुसती काडी होती. दही साच्यातच राहिलं होतं.

आम्ही खो खो हसत सुटलो. ताईंनी मात्र सोफ्याच्या उशीखालून आणखी एक काडी काढली, चाटून लख्ख केलेली.

"डॉक्टर, तुमच्या आधी मीच उघडून आले," त्या म्हणाल्या. "म्हणून तर मी नुसती शिकवते. स्वतःचा एक रियाल लावत नाही!"