शर्वरी पोचेपर्यंत केर काढायचा नाही

मी अंधश्रद्धाळू नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून तुमचा वेगळाच समज होईल. दारावर लिंबू-मिरची नाही, शनिवारी नखं कापते, आणि मांजर आडवं गेलं तर मी थांबत नाही, मांजर थांबतं.

फक्त एक गोष्ट. माणूस प्रवासाला निघालं की त्याच्या पाठोपाठ केर काढायचा नाही. का, ते विचारू नका. (घरातून माणूस कायमचं गेल्यावर तसा काढतात, हे तुम्हालाही ठाऊक आहे. म्हणूनच म्हणते, विचारू नका.)

तर, आमची शर्वरी ब्राउनश्वाइगला इंजिनियर होत होती. ती आणि लेना नावाची तिची मैत्रीण अशा दोघींचं मिळून भाड्याचं घर होतं. शिक्षण संपलं, शर्वरीला फ्रांकफुर्टजवळ एश्बॉर्नला नोकरी लागली आणि घर परत द्यायची वेळ आली. आता जर्मनीत प्रत्येक घरामागे रुंडफुंकबायट्राग नावाची एक पट्टी भरावी लागते. घरात टीव्ही नसला तरी, रेडिओ नसला तरी, कान नसले तरी! घराला एकदाच, पण कुणातरी एकाच्या नावावर. त्या घराची पट्टी शर्वरीच्या नावावर होती, कारण "आपली कामं वेळच्या वेळी" हे मी तिला बाराखडीबरोबर शिकवलं आहे. लेनाची गादी यायच्या आत हिने नाव नोंदवून टाकलं. लेना आपला वाटा द्यायची, कधी रोख, कधी केकच्या रूपात.

नाव घालणं सोपं होतं. काढायचं तर घर मालकाला रीतसर परत दिल्याचा सहीचा कागद हवा. तो नाही, तोवर शर्वरी एश्बॉर्नला राहणार आणि पट्टी भरणार ब्राउनश्वाइगची.

"आई, माझी ट्रेन दुपारी आहे," शर्वरी फोनवर म्हणाली. "घर बघायला हेर क्रोगर त्यानंतर येणारेत. लेना देईल ताबा." (हेर म्हणजे जर्मनमधले श्रीयुत, गुप्त काही नाही.)

"लेना? जिनं आजवर सिंकची जाळी उचलून बघितली नाही, ती? मी येते. माझ्या नावानं अधिकारपत्र लिहून दे."

"आई, इश् शाफ दास!" (म्हणजे, मला जमेल. हे ती चालायला लागल्यापासून म्हणते आहे.)

"जमेल गं. पण तू निश्चिंत जा. मी आहे ना!"

खरं सांगायचं तर मी खूश होते. माझा नवरा मंदार सोमवार ते गुरुवार कामासाठी श्टुटगार्टला असतो. हॅम्बर्गच्या घरात मी, पाऊस आणि एक केर काढणारा रोबो. "एकटी असतेस, सोबत होईल," म्हणून मंदारने तो आणला. सोबत! घरातून कुणी बाहेर पडून दार लागलं की तो आपोआप सुरू होतो आणि सोफ्याच्या पायाला धडका देत बसतो. आमचं बोलणं तेवढंच. त्यामुळे बऱ्याच दिवसांनी फ्रिजवर माझ्याखेरीज दुसऱ्या कुणाच्या कामांची यादी लागली, तेव्हा मी तिच्यासाठी नवीन चुंबक काढलं.

यादी चोख होती. भिंतीची भोकं बुजवणे, रंग, खिडक्या, सिंक. सगळ्यात शेवटी केर. (वरून खाली यायचं असतं. आधी केर काढून मग रंग खरवडणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्याशी मी फारसं बोलत नाही.)

दुपारपर्यंत आम्ही तिघींनी केर सोडून सगळं संपवलं. शर्वरीने पाठीवर बॅग घेतली, मला मिठी मारली, "च्युस, आई" म्हणाली आणि जिना उतरली. मी खिडकीतून ती ट्रॅममध्ये चढेपर्यंत हात हलवला. ट्रॅम वळली. मी वळले. मागे लेना झाडू घेऊन उभी!

"लेनाऽऽ! खाली ठेव तो झाडू!"

मराठीत ओरडले, पण आवाज असा होता की तो तिने खाली ठेवलाच, वर स्वतःही भिंतीला चिकटली.

"आई, काय झालं?" लेनाही मला आईच म्हणते. तिला वाटतं ते माझं नाव आहे. मी चूक दुरुस्त केलेली नाही. या देशात आई म्हणणारं एक माणूस वाढत असेल, तर कुणाला नको आहे?

मी तिला जर्मनमध्ये समजावलं, की आमच्याकडे माणूस निघालं की लगेच झाडत नाहीत.

"मग कधी?"

"ते पोचल्यावर."

"म्हणजे... एश्बॉर्नला?"

"गेनाऊ. अगदी बरोबर."

लेनाने फोनमध्ये बघितलं. "आई, ती अजून स्टेशनवरही पोचली नसेल."

तेवढ्यात बेल वाजली. हेर क्रोगर. इमारतीची देखभाल करणारा उंच गृहस्थ, हातात पाटी, पाटीवर छापील तक्ता. भिंती बघून मान डोलावली, सिंक बघून भुवया उंचावल्या (कौतुकाने!), आणि मग जमिनीकडे बघितलं. तिथे रंगाच्या खपल्या, पुठ्ठ्याचे कपटे आणि कोथिंबिरीची एक वाळकी काडी.

"घर झाडून द्यायचं असतं," ते म्हणाले. "करारात आहे."

"देणार ना! झाडणार!"

"कधी?"

"फ्रांकफुर्ट आलं की."

हेर क्रोगर यांनी खिडकीबाहेर बघितलं. फ्रांकफुर्ट येताना दिसेना.

मग मी सगळं खुलासेवार सांगितलं. माणूस निघाल्यावर लगेच केर काढतात तो फक्त घरात मृत्यू झाल्यावर, असं म्हटल्याबरोबर त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. "कोण गेलं?"

"कुणी नाही हो! म्हणूनच झाडत नाहीये!"

"पण मग झाडायला काय हरकत आहे?"

मी थर्मासमधला चहा काढला आणि डब्यातला चिवडा पुढे केला. हेर क्रोगर रिकाम्या घरात रंगाच्या डब्यावर बसून चिवडा खाऊ लागले. शेंगदाणे आधी, मग बाकीचा. लेना ट्रेन कुठवर आली ते सांगू लागली. ग्योटिंगन गेलं. कासेल गेलं. मग बराच वेळ काहीच जाईना.

"फुल्डाच्या अलीकडे उभी आहे," लेना म्हणाली. "रुळावर काहीतरी आहे म्हणे."

मी बाल्कनीत जाऊन मंदारला फोन लावला.

"मीटिंगमध्ये आहे गं. काय?"

"ट्रेन अडकलीय. आता केर कसा काढू?"

पलीकडे मीटिंगचं दार ओढून घेतल्याचा आवाज आला. लग्नाला बरीच वर्षं झाली की अशा आवाजाचाही अर्थ लागतो.

"व्हॅक्यूम मागून आण शेजारून. व्हॅक्यूम म्हणजे झाडू नव्हे."

"असं शास्त्रात आहे?"

"शास्त्रात व्हॅक्यूमच नाही!"

"मग तू कशाच्या आधारावर बोलतोयस?"

त्याने फोन ठेवला. आत आले तर चिवडा संपला होता आणि हेर क्रोगर टोपी घालून उभे होते. त्यांना दुसरीकडे जायचं होतं. झाडलं नाही तर सही नाही. पुढच्या आठवड्यात परत बघू, तोवर घर तुमचंच. लेना झाडूकडे बघत होती, मी लेनाकडे. शेवटचा एक क्षण होता. झाडू माझ्या हाताशी होता, चार हात मारले असते की झालं असतं! नाही मारले.

संध्याकाळी ट्रेनमधून शर्वरीचा फोन.

"आई! लेनाने सांगितलं. एकच काम होतं! आता दोन्ही घरं माझ्या गळ्यात! तूच म्हणालीस ना, मी आहे ना?"

"पोचलीस का?"

"नाइन! नाही!"

"मग पोचल्यावर ओरड."

पुढच्या आठवड्यात मी एकटीच ब्राउनश्वाइगला गेले. लेनाही आपल्या आईकडे गेली होती, तिच्या खऱ्या आईकडे. घरात नुसता रंगाचा वास. आता झाडायला काहीच हरकत नव्हती. पोरगी केव्हाच पोचली होती, तिच्या नवीन स्वयंपाकघराचा फोटोही आला होता. मी स्वयंपाकघरापासून सुरुवात केली. शेगडीच्या जागेमागे मोहरीचे दाणे सापडले. मी व्हिडिओ कॉलवर हिला पहिली फोडणी शिकवली तेव्हाचे असणार. मोहरी तडतडायच्या आत झाकण ठेव म्हटलं होतं, ऐकलं नव्हतं. दाराशी एक केसांचा रबर. यादीत "केर" एवढंच लिहिलं होतं, पाच मिनिटांचं काम. मला बराच वेळ लागला.

हेर क्रोगर आले. जमिनीकडे बघायच्या आधी त्यांनी विचारलं, "मुलगी पोचली?"

"हो," म्हटलं. "पोचली."

त्यांनी सही केली. मी कागद पाठवून दिला आणि यथावकाश उत्तर आलं, त्या घराच्या पट्टीतून शर्वरीचं नाव निघालं. त्याची प्रत मी फ्रिजवर लावली. तिथे दुसरं लावायला काही नव्हतं.

मग गेल्या महिन्यात शर्वरी दोन दिवसांसाठी हॅम्बर्गला आली. दोन दिवस घरात आवाज होता. रविवारी मंदार तिची बॅग घेऊन खाली गाडी काढायला गेला, ती "च्युस, आई" म्हणाली, दार लागलं... आणि कोपऱ्यातला रोबो टुणकन वाजून निघाला!

मी धावले. तो सोफ्याखाली शिरला. मी पालथी पडून त्याला पायाने ओढला, बटण सापडेना, म्हणून उताणा करून मांडीवर घेतला. त्याचा ब्रश झुरळाच्या पायांसारखा हवेत फिरत होता. तेवढ्यात दार उघडलं.

"आई, माझा चार्जर... वास माख्स्ट दू दा?" (म्हणजे, हे काय करतेयस?)

"काही नाही. याला जरा धरलंय."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग रोबोकडे. मग एकदम तिला कळलं, आणि हसत हसत ती माझ्या शेजारी जमिनीवर बसली.

"आता परत आलीच आहेस तर लगेच निघायचं नाही," मी म्हटलं. "पाणी प्यायचं, थोडं टेकायचं, मग जायचं. तशी पद्धत आहे."

"आणि तू अंधश्रद्धाळू नाहीस?"

"छे!"

ती पाणी प्यायली. मग चहा झाला. मंदार खालून हॉर्न वाजवून कंटाळला आणि वर आला. मग त्यालाही चहा झाला, आणि ती ट्रेन अर्थातच गेली. पुढची दोन तासांनी होती.

मी खरंच अंधश्रद्धाळू नाही. परत आलेलं माणूस थोडं टेकून जातं, एवढं मात्र मला पक्कं ठाऊक आहे. नाहीतर तिचा चार्जर मी चपलांच्या कपाटात कशाला लपवला असता?