आईला न्यायचं राहिलं

आमच्या धाराशिवच्या डोंगरातला धबधबा म्हणजे थोड्या दिवसांचा पाहुणा. पाऊस रुसला तर त्या वर्षी तोंडही दाखवत नाही. म्हणून श्रावण लागला की आमचा रविवारचा ग्रुप येडशीच्या रानाकडं धावतो. ग्रुप माझाच. मीच मेसेज टाकते, मीच गाड्या ठरवते आणि हातात काठी घेऊन सगळ्यांच्या पुढं मीच चालते.

लोक आपल्या आयांनाही घेऊन येतात. साडी वर खोचलेल्या, पायांत कोरे बूट घातलेल्या त्या बायका उतार बघितला की घाबरतात. मी त्यांचा हात धरते. ‘इथं पाय ठेवा, मावशी’ म्हणत पाण्यापर्यंत नेते. खाली पोचल्यावर त्या माझ्या गालावरून हात फिरवतात, किती गुणाची पोर म्हणतात. मला ते फार आवडतं, खोटं कशाला बोलू.

माझी स्वतःची आई त्या वेळी घरी असते. पहाटे उठून तिनं सगळ्या ग्रुपसाठी धपाटे थापलेले असतात, शेंगाची चटणी डब्यात दाबून भरलेली असते. वडील गेल्यावर सास्तूरकडचं घर बंद करून ती माझ्याकडं राहायला आली. तिचा जन्म सपाट काळ्या रानात गेला. वरून पडणारं पाणी तिनं पाहिलं ते विहिरीवरच्या मोटारीच्या पायपातून, हौदात पडणारं.

यंदा तिनं विचारलं. भाकरी थापता थापता, माझ्याकडं न बघता.

“मला जमंल का गं तिथवर? म्या बी बगितलं आसतं एकदा.”

“न जमायला काय झालं? नेते की,” मी म्हणाले.

पण त्या रविवारी गाड्या भरल्या होत्या. पुढच्या रविवारी वाट निसरडी होती. मग गौरी आल्या, मग ऑफिसातलं काम निघालं. दर वेळी कारण खरं होतं, हेच वाईट. खरी कारणं हाताशी असली की माणूस निगरगट्ट होतो. आतून मला ठाऊक होतं. आई आली की मी कुणाची ताई उरत नाही, नुसती लेक होते. तिच्या गुडघ्यांच्या चालीनं मला चालावं लागलं असतं, आणि रविवारी मला पुढं चालायचं असतं. ती पुन्हा विचारायला आली नाही. धपाटे मात्र करत राहिली.

दसरा झाल्यावर एकदा तिचे गुडघे चोळून देताना माझी मलाच लाज वाटली. म्हटलं, उद्या जाऊ, दोघीच. सकाळी बघते तर बाई इरकल नेसून तयार.

“डोंगरात इरकल कशाला, आई?”

“नवी जागा बगायला जायचं, मग?”

वाटेवरचं गवत पिवळं पडलं होतं. ज्या वळणावर पाण्याचा आवाज यायला हवा तिथं आवाज आला नाही. तरी मी तिला पुढं नेत राहिले. आई बसत उठत, झुडपांना धरत उतरली. खाली कातळावर एक ओला ओघळ होता, आणि डबक्यात शेवाळ. ती बराच वेळ मान वर करून बघत राहिली.

“हितनं पडतंय व्हय?”

“हो. आई, चुकलं माझं. आधीच आणायला हवं होतं मी तुला.”

“त्याला काय हुतंय. जागा तर बगितली की.”

तिनं त्या ओघळाखाली ओंजळ धरली. भरायला फार वेळ लागला. भरली तेव्हा ते पाणी तिनं डोळ्यांना लावलं. मला तिथं उभं राहवेना. चिडली असती, चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं. परतीच्या वाटेवर तिनं डोळे उघडलेली सीताफळं शोधून ओच्यात भरून घेतली आणि घरी येईपर्यंत त्यांच्याबद्दलच बोलत राहिली.

संध्याकाळी शेजारच्या काकू आल्या. “काय आक्का, बगितला का धबधबा?”

“बगितला की!” त्यांच्या हातात सीताफळ ठेवत आई म्हणाली. “लई पाणी, बया. लांबनंच आवाज येतुय. अन् जवळ गेलं की तुषार आंगावर. मला तर हुडहुडी भरली.”

मी दारातच थांबले. रविवारी घरी आल्यावर चहा पिता पिता मी जे सांगायचे, तेच ती शब्दाला शब्द सांगत होती. ती इतकं ध्यान देऊन ऐकत होती, हे मला तेव्हा कळलं.

“पर पाऊस उघडून तर लई दिस झाले,” काकू म्हणाल्या आणि माझ्याकडं वळल्या. “एवढं पाणी हाय व्हय गं आजून?”

आई माझ्याकडं बघत नव्हती. मान खाली घालून सीताफळ फोडत होती.

“हो काकू,” मी म्हणाले. “खूप पाणी होतं.”